लॅश गळल्या की दोष चुलीला: माझा अनुभव

लग्नसराईत कुणाच्या लॅश (पापण्यांच्या केसांना ग्लूनं चिकटवलेले कृत्रिम केस) चार दिवसांत गळल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "चुलीपाशी बसली होती का?" मला या प्रश्नाचा राग येतो, कारण पुष्कळदा चुलीचा काही संबंध नसतो. गळलेली लॅश तळहातावर घेऊन उजेडात बघा. टोक आक्रसलेलं, वेडंवाकडं, बोटाला खरखरीत लागत असेल तर ती आगीनं गेली. टोक शाबूत, बुडाशी ग्लूचा काळा ठिपका आणि सोबत आपला केस नाही, तर पकड सुटली. आपल्या केसासकट आली असेल तर चिंता नाही. रोज एक ते पाच केस तसेही पडतात.

पकड सुटण्याचं मूळ आमच्याकडे बहुधा पार्सलात सापडतं. लॅशचा ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. उष्णतेनं तो बंद बाटलीतच म्हातारा होतो, घट्ट होतो, पकड सोडतो. विक्रेता बाटली नीट पाठवतो, पण तालुक्याच्या कुरिअर शाखेत ती पत्र्याच्या शेडाखाली पडून राहते. गाव हद्दीबाहेर म्हणून घरपोच नाही, आणि फोन केला की "उद्या या". एप्रिल-मे महिन्यात बाहेरच पारा ४४-४५ वर असतो, पत्र्याखाली त्याहून वर. बाटली हातात येते तेव्हा बाहेरून अगदी नवी दिसते.

खरी अडवणूक पुढे. विक्रेत्याचा नियम, "उघडलेली बाटली परत घेत नाही." न उघडता ग्लू बिघडला हे कळणार कसं? यावर मला लागू पडलेली वाट अशी: पार्सलावरची तारीख, ट्रॅकिंगमध्ये शाखेत पोहोचल्याची नोंद आणि सील, तिन्हींचे फोटो आधी काढायचे. मग एकाच अखंड व्हिडिओत सील फोडायचं, बाटली नीट हलवायची आणि एक थेंब जेड दगडावर (काम करताना ग्लू ठेवायचा गुळगुळीत दगड) टाकायचा. चांगला थेंब गोल, चकचकीत पडतो. बिघडलेल्याला बाटलीच्या तोंडापासून पाकासारखी तार सुटते. तार व्हिडिओत स्पष्ट दिसली आणि बाटली बदलून मिळाली. फोनवर कितीही वाद घातला असता तरी ती मिळाली नसती.

त्यापेक्षा उन्हाळ्याचा ग्लू फेब्रुवारीतच मागवा, ५ मिलीच्या लहान बाटल्यांत, लेबलवरची मुदत पाहून. सोमवारी पाठवायला सांगा, म्हणजे पार्सल रविवारी शाखेत अडकत नाही. बंद बाटली फ्रिजमध्ये ठेवा. वापरायच्या आधी काही तास बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा, नाहीतर आत दव धरतं. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये परत नको. सिलिका जेलसह घट्ट डब्यात, उभी ठेवायची आणि महिना-दीड महिन्यात बदलायची.

कूलरचं राहिलंच. हा ग्लू हवेतल्या ओलाव्यानं धरतो. त्याला साधारण २० ते २४ अंश आणि ४५ ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आमच्या दुपारच्या कोरड्या हवेत तो हळू धरतो, आणि कूलरचा झोत थेट आला तर लॅश टेकवण्याआधीच सुकतो. कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवा, जवळ आर्द्रतामापक ठेवा, दगडावरचा थेंब दर १५-२० मिनिटांनी बदला. नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी लॅश लावायचं काम सकाळीच उरकते.

आता चूल. लॅश पीबीटी नावाच्या प्लास्टिकच्या धाग्याची असते आणि तिचा बाक उष्णता देऊनच बसवलेला असतो. म्हणून झळ लागली की तोच बाक मोडतो. सगळ्यात वाईट फुंकणी: फुंकायला वाकलं की चेहरा थेट जाळापाशी जातो. ते काम दुसऱ्या कुणाला द्या. रोडगे भाजताना गोवऱ्यांचा आर उलथायचा असेल तर लांब चिमटा घ्या आणि हातभर मागे बसा. कुकर पूर्ण थंड झाल्यावर झाकण स्वतःच्या विरुद्ध दिशेला कलतं करून उघडा. पहिले २४ ते ४८ तास वाफ आणि घाम दोन्ही टाळा. केस प्रेस करायचे असतील तर लॅश लावण्याआधी करून घ्या. ड्रायर लागलाच तर थंड हवेवर.

नुसत्या उन्हानं लॅश वितळत नाही. गाडीवर डोळ्यांपर्यंत ओढून बांधलेला दुपट्टा मात्र घामासह तिला घासत राहतो. गाठ सैल ठेवा, वर गॉगल लावा. घरी आल्यावर तेल नसलेल्या क्लिन्झरनं धुऊन स्पूलीनं (पापण्यांचा छोटा ब्रश) विंचरा.

टोकं जळलीच तर कात्री लावू नका, ओढू नका, गरम कर्लरही नको. मोडलेला बाक परत येत नाही. क्रीम रिमूव्हरनं तेवढ्याच लॅश काढून घ्या आणि खालचा आपला केस शाबूत असेल तिथेच नवी लावा.