टायगरच्या मागावर: हॅम्बुर्ग ते ग्दान्स्क

हॅम्बुर्गला फिरायला आलेली आपली मंडळी बंदर बघतात, एल्बफिलहार्मोनी या संगीत सभागृहाच्या गॅलरीतून फोटो काढतात आणि राईपरबान या रेड लाइट भागातल्या रस्त्यावरून नजर चुकवत पटापट पुढे निघून जातात. मला नेमकं तिथेच थांबायचं होतं. राईपरबानला लागूनच 'त्सुर रिट्झे' नावाचा जुना पब आहे आणि त्या पबच्या तळघरात बॉक्सिंगची रिंग आहे. अरुंद जिना उतरून खाली गेलं की छत डोक्याला लागेल की काय असं वाटतं, भिंतीवर मॅचची जुनी पोस्टरं एकावर एक चिकटवलेली, बॅगांना मार खाऊन खाऊन पोक आलेलं आणि हवेत चामड्याचा न् घामाचा मुरलेला वास. इथे हेवीवेट चॅम्पियन क्लिट्श्को भावांनी घाम गाळलाय आणि ज्याच्यासाठी मी आले तो 'टायगर' म्हणून ओळखला जाणारा बॉक्सर दारिउश मिहालचेव्स्की पण इथे सराव करायचा.

आपल्याकडे बॉक्सिंग म्हटलं की टायसन, होलिफिल्ड, फार तर रॉय जोन्स. मिहालचेव्स्कीचं नाव काढलं तर समोरचा विचारतो कोण? खरं सांगते, याचा मला राग येतो. 175 पाउंड म्हणजे साधारण 79 किलोच्या लाइट हेवीवेट गटात या माणसाने सप्टेंबर 1994 मध्ये लिओन्झर बार्बरला हरवून डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा चॅम्पियनशिप बेल्ट घेतला तो थेट ऑक्टोबर 2003 पर्यंत कुणाला काढून घेऊ दिला नाही, 23 वेळा राखला. त्याच 1994 च्या डिसेंबरमध्ये वरच्या क्रूझरवेट गटात जाऊन तिथला बेल्टही जिंकला.

तळघरातून वर आले आणि चालत मिलर्नटोर स्टेडियमवर गेले, फार लांब नाही. सांक्ट पाउली फुटबॉल क्लबचं हे मैदान, कवटी आणि हाडांचे झेंडे सगळीकडे. ऑगस्ट 1996 मध्ये इथे उघड्यावर रिंग लावून मिहालचेव्स्की विरुद्ध ग्राचियानो रोकिजियानी अशी मॅच झाली होती. सातव्या राउंडमध्ये रेफरीने दोघांना वेगळं केल्यावर रोकिजियानीने ठोसा मारला, मिहालचेव्स्की खाली पडला आणि रोकिजियानी डिस्क्वालिफाय. त्यावर जर्मनीत केवढा वाद पेटला! अर्ध्या लोकांचं म्हणणं, पोरगा नाटक करतोय. 2000 मध्ये हॅनोव्हरला दोघं परत समोरासमोर आले तेव्हा त्याने रोकिजियानीला असा धुतला की तो पुढच्या राउंडला उठलाच नाही. उत्तर द्यायचं तर असं द्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पकडली, बर्लिनला बदलून ग्दान्स्क. खिडकीतून सपाट शेतं आणि पाइनची जंगलं पळत होती आणि माझ्या डोक्यात सारखं येत होतं की हाच प्रवास त्याने उलट्या दिशेने केला. 1968 चा ग्दान्स्कचा जन्म, 1988 मध्ये पोलंडच्या टीमबरोबर पश्चिम जर्मनीला गेला आणि परत गेलाच नाही. तेव्हा पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट होती, असं मागे राहणं म्हणजे घरचे दरवाजे बंद. 1991 ला युरोपियन चॅम्पियन झाला तो जर्मनीकडून, त्याच वर्षी प्रो म्हणजे व्यावसायिक बॉक्सर झाला. म्हणजे जर्मनांना तो पोलिश आणि पोलंडमध्ये बऱ्याच जणांना तो पळून गेलेला. परदेशात घर मांडलेल्या माझ्यासारखीला हे वाचताना पोटात कालवतं.

ग्दान्स्कचं जुनं शहर सुंदर आहेच, पण मी सामान टाकून आधी लोकल पकडून ओलिवाकडे गेले. तिथे हाला ओलिविया आहे, एका बाजूने झपकन वर गेलेल्या छपराचा मोठा जुना हॉल, बाजूला काचेचे उंच टॉवर. सॉलिडॅरिटी या पोलंडच्या कामगार चळवळीचं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन 1981 मध्ये इथेच भरलं होतं, तिचा नेता वावेंसा वगैरे सगळे इथे. आणि एप्रिल 2002 मध्ये पळून गेलेला पोरगा चॅम्पियन म्हणून याच हॉलमध्ये परत आला, जोई डिग्रँडिसला दुसऱ्याच राउंडमध्ये आडवा केला. हॉलबाहेर एक म्हातारे गृहस्थ कुत्रा फिरवत होते, त्यांना मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, मिहालचेव्स्की? त्यांनी लगेच दोन्ही मुठी हनुवटीखाली घट्ट धरल्या आणि डावा हात सटकन पुढे काढला. अगदी तस्साच! त्याचं बॉक्सिंग तेच होतं, गार्ड उंच, डाव्या हाताचा जॅब म्हणजे सरळ ठोसा हातोड्यासारखा आणि समोरच्याचा दम निघेपर्यंत एकेक पाऊल पुढे.

लोक म्हणतात त्याने त्याच वजनगटातला अमेरिकन चॅम्पियन रॉय जोन्सशी लढायला जर्मनी सोडली नाही. अहो, जोन्सही जर्मनीला आला नाही ना! जून 1997 मध्ये ओबरहाउझनला त्याने व्हर्जिल हिलला पॉइंटवर हरवून डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा तिन्ही संघटनांचे बेल्ट एकत्र केले होते आणि त्यातले दोन नंतर रिंगबाहेरच्या कारभारात गेले, ठोसा खाऊन नाही. जोन्सला पहिला पराभव ज्याच्या नावावर लागला त्या मॉन्टेल ग्रिफिनला याने 1999 मध्ये ब्रेमेनला चौथ्या राउंडमध्ये थांबवला. तरी 2002 मध्ये द रिंग या बॉक्सिंगच्या मासिकाने आपला चॅम्पियन म्हणून जोन्सला बेल्ट दिला. माझ्या मते हा सरळ अन्याय होता.

48 मॅच, 48 विजय. एकदाही न हरलेल्या हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानोच्या 49 ला एक कमी. ऑक्टोबर 2003 ला हॅम्बुर्गच्या अरेनात हूलियो सेझार गोन्झालेझ त्याच्यासमोर आला, बारा राउंड झाले आणि तीन जजेसपैकी दोघांनी गोन्झालेझला दिलं. फेब्रुवारी 2005 मध्ये फाब्रिस तियोझोविरुद्ध परत उतरला तेव्हा सहाव्या राउंडमध्ये मॅच थांबवावी लागली, तिथे संपलं. 50 मॅच, 2 पराभव, 38 नॉकआउट. हल्ली तो ग्दान्स्क भागातच असतो, मुलांना खेळाकडे वळवणारी 'समान संधी' अशा अर्थाच्या नावाची त्याची संस्था आहे.

जाणार असाल तर लोकलला ग्दान्स्क प्शिमोझे-उनिवेर्सितेत स्टेशनला उतरा, हॉल तिथून चालत आहे. कागदी तिकीट काढलंत तर ते आधी मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं का, ते विचारून घ्या. आणि हॅम्बुर्गचा पब संध्याकाळी गाठा, पण खालच्या तळघरात जायचं असेल तर बारवर विचारून जा.