आमची वाटचाल : कागद कापण्याआधीची काटकसर

छपाई आणि नाशिक म्हटलं की नाशिकरोडची नोट प्रेस आठवते. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात. आमचं काम त्याच गावातलं, पण साध्या कागदाचं : बिलबुकं, लेटरहेड, दवाखान्यांचे केसपेपर, हँडबिलं, लग्नपत्रिका आणि हंगामात द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं. सुरुवात ट्रेडल मशीन आणि खिळ्यांवर (शिशाच्या सुट्या अक्षरांवर) झाली, पुढे मजकूर उमटवलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटवरून छापणारी एकरंगी ऑफसेट आली. चार रंगांचं मशीन आम्ही मुद्दाम घेतलं नाही. या प्रवासात नफा वाढला तो दर वाढवून नव्हे, वाया जाणं कमी करून. ते कसं केलं ते इथे आकड्यांसकट लिहितो. नव्याने प्रेस टाकणाऱ्याला त्याचा उपयोग व्हावा.

आमच्या बहुतेक कामांत सर्वांत मोठा खर्च कागदाचा. त्यामुळे बचतीची पहिली जागा मशीन नाही, कटिंगचं टेबल. कागद एकदा कापला की चूक दुरुस्त होत नाही, म्हणून ऑर्डर घेतानाच पेन्सिलीने ताव आखून बघायचा.

ए-४ चंच उदाहरण घ्या. ए-४ म्हणजे ८.२७ × ११.६९ इंच. बाजारात सहज मिळतो तो २३ × ३६ चा ताव. ३६ इंचांत ८.२७ चे चार तुकडे बसतात, पण २३ इंचांत ११.६९ चे दोन बसत नाहीत, कारण २३.३८ इंच लागतात. जेमतेम एक सेंटिमीटर कमी पडतं आणि सगळा हिशोब बिघडतो. मग ११.६९ उंचीची चारची एक ओळ आणि खाली आडवे तीन असे सात निघतात. त्यातल्या चारांचा ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) एका बाजूला जातो आणि तिघांचा दुसऱ्या. ऑफिसच्या लेझर प्रिंटरमध्ये गरम रोलरखालून जाताना आडव्या ग्रेनचे कागद जास्त वळतात आणि अडकतात. तक्रार आपल्याकडेच येते.

उंची ११.२५ इंच ठेवली तर त्याच तावात सरळ आठ निघतात. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावर दहा हजार प्रतींना किती कागद लागतो ते पाहा. रिमचं वजन काढायला आम्ही लांबी × रुंदी (इंचांत) × जीएसएम भागिले ३१०० हे सूत्र वापरतो. उत्तर ५०० तावांचं वजन किलोत येतं. २३ × ३६ चं रिम १८.७ किलो, २५ × ३६ चं २०.३ किलो. सातच्या हिशोबाने १,४२९ ताव म्हणजे ५३.४ किलो कागद लागतो. २५ × ३६ मधून पूर्ण ए-४ चे आठ काढले तर १,२५० ताव, ५०.८ किलो. ११.२५ उंची चालत असेल तर २३ × ३६ चे १,२५० ताव, ४६.७ किलो. पहिल्या आणि शेवटच्या पर्यायात पावणेसात किलोंचा फरक पडला, तोही गिऱ्हाइकाला न कळणाऱ्या अकरा मिलिमीटरवर.

मात्र हे सगळीकडे लावू नये. लेटरहेड प्रिंटरमध्ये जाणार असेल तर पेपर साइज बदलावा लागतो आणि तो कुणी बदलत नाही. तिथे आम्ही २५ × ३६ च घेतो. केसपेपर, पावती पुस्तक, डिलिव्हरी चलन अशा हाताने लिहायच्या कामाला ११.२५ बिनधास्त सुचवतो, आणि वाचलेल्या कागदातला वाटा दरात दाखवतो. न सांगता आकार कमी करणं ही काटकसर नाही.

उरलेल्या पट्टीचं काम आधी ठरवायचं, मग कटिंग सुरू करायचं. वरच्या हिशोबात ३६ इंचांकडून जवळजवळ तीन इंचांची पट्टी सुटते. २३ इंच लांबीच्या पट्टीत दोन-दोन इंचांची अकरा टोकनं बसतात. पार्किंगची, पिठाच्या गिरणीची, लग्नातल्या जेवणाची कूपनं यातूनच निघतात, नंबरिंग ट्रेडलवर होतं. ऑफसेट आल्यावर अनेकांनी ट्रेडल भंगारात घातलं. नंबरिंग, परफोरेशन (फाडायची ठिपक्यांची रेघ) आणि जाड कार्डाचं क्रिझिंग (घडीची खाच) यांसाठी ते अजूनही सर्वांत स्वस्त मशीन आहे. आमचं आम्ही राखलं, याचं समाधान वाटतं.

ग्रेन ओळखायला कागदाची पट्टी एका बाजूने ओली करायची. ती ज्या अक्षाभोवती गोल वळते, तीच ग्रेनची दिशा. पत्रिकेची घडी ग्रेनला आडवी आली की जाड कार्ड घडीवर तडकतं आणि पांढरी रेघ दिसते. क्रिझिंग केलं की त्रास कमी होतो, जात नाही. पाचशे पत्रिका तडकल्या तर कार्डाचे पैसे आपले, म्हणून कार्ड घेतानाच दिशा बघून घ्यायची.

प्लेटवर पैसे वाचवण्याची जुनी आणि पक्की पद्धत म्हणजे सेल्फ बॅक. ए-५ ची दोन्ही बाजूंनी छापलेली दोन हजार हँडबिलं हवी असतील, तर पुढची आणि मागची बाजू एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी लावायची. ए-४ चे हजार कागद एकदा छापायचे, उलटायचे, त्याच प्लेटवर पुन्हा छापायचे आणि मधोमध कापायचे. छपाईचे फेरे तेवढेच, पण एक प्लेट आणि एक सेटिंग वाचतं. अडचण येते ती साइड लेची, म्हणजे कागद बाजूने जिथे टेकतो त्या जागेची. कागद उलटला की साइड गाइड दुसऱ्या बाजूला घ्यावा लागतो, आणि कागद काटकोनात नसेल तर मागची छपाई सरकते. म्हणून सेल्फ बॅकचा कागद आधी दोन लगतच्या बाजूंनी ताशीव कापून घ्यायचा. कापलेल्या थप्पीतला वरचा आणि तळाचा कागद उलटून एकावर एक ठेवला की वाकडेपणा लगेच कळतो. पात्याची धार गेली असेल तर वरचे कागद ओढले जातात आणि एकाच थप्पीत वरचा-खालचा आकार वेगळा येतो. धार लावण्याचे पैसे वाचवणं फार महागात पडतं.

सेटिंगला नवा कागद जाळायचा नाही. मागच्या कामाचे वाया गेलेले कागद मशीनजवळ आकारानुसार रचलेले असतात. शाई-पाण्याचा मेळ बसेपर्यंत तेच फिरवायचे, मग तीन जुने आणि एक नवा असं मिसळून रजिस्टर, म्हणजे छपाई नेमकी जागेवर बसते का ते, बघायचं. वाया गेलेला कागद मूळ कामाच्याच जाडीचा हवा. पातळ कागदावर बसवलेलं सेटिंग जाडावर बदलतं.

रंगांचे वार ठरवल्यावर रॉकेल, चिंध्या आणि वेळ यांत मोठी बचत झाली. एक रंग बदलायचा तर रोलर दोन-तीनदा धुवावे लागतात आणि अर्धा तास जातो. आता काळ्या रंगाची कामं सलग होतात. निळी आणि लाल बिलबुकं साठवून ठेवलेल्या दिवशी निघतात. एकाच दिवशी दोन रंग करायचे असतील तर फिक्याकडून गडदाकडे जायचं : आधी पिवळा, मग लाल, शेवटी काळा. उलट केलं तर पिवळ्यात काळपटपणा उतरतो आणि धुण्याची आणखी एक फेरी होते. गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवलं की निळं बिलबुक गुरुवारीच निघेल, तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. डब्यातल्या शाईवर बटर पेपर दाबून बसवायचा, म्हणजे साय धरत नाही. साय काढून टाकली की शाईच टाकली.

ऑफसेटची प्लेट ओली ठेवणाऱ्या फाउंटनच्या पाण्याकडे नव्या मुलांचं लक्ष नसतं. पीएच ४.८ ते ५.५ मध्ये हवा, पट्टी बुडवून रोज बघायचा. आम्ल जास्त झालं तर शाई वेळेवर वाळत नाही. मग थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीला शाई लागते आणि प्लेटही लवकर झिजते. बोअरचं पाणी घालायचं नाही. त्यातला चुना रोलरवर बसतो आणि रोलर शाई धरत नाही. पुन्हा लागणारी प्लेट डिंकाचं पाणी लावून, सुकवून, सपाट ठेवायची. बिलबुकाची प्लेट अशी सांभाळली तर पुढच्या खेपेला नवी लागत नाही. डिंक न लावता ठेवलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्सिडेशनचे ठिपके पडतात आणि ते छपाईत उमटतात.

जुलै-ऑगस्टात कागद हवेतला ओलावा ओढतो. रिमच्या कडा आधी फुगतात आणि लाटा येतात. मशीन दोन-दोन कागद उचलतं, दुसरा रंग जागेवर बसत नाही. कागद भिंतीपासून हातभर लांब, लाकडी पॅलेटवर ठेवायचा. मशीनच्या खोलीत एक दिवस आधी आणायचा, पण वेष्टण कामाच्या वेळीच फोडायचं. सराफ बाजार, भांडी बाजार, गोदाकाठ या भागात ज्यांची गोदामं आहेत त्यांनी पावसाळ्याआधी खालचा खण रिकामाच ठेवावा. गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्यावर हलवाहलव सुरू केली तर हातात तासच उरतात आणि टेम्पो मिळत नाही.

आता सर्वांत महाग चूक, म्हणजे पुन्हा छपाई. हजार पत्रिका पुन्हा छापल्या की चार कामांचा नफा गेला. प्रूफ छापील कागदावर, गिऱ्हाइकाच्या सहीनेच पास होतं, फोनवर नाही. पत्रिकेत तारीख आणि वार दिनदर्शिकेशी ताडायचे, मोबाइल नंबर लावून बघायचा, मुहूर्ताची वेळ मोठ्याने वाचायची. जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात आणि सर्वांत आधी ऱ्या, ऱ्ह फुटतात. 'वऱ्हाडी', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द आमच्या प्रूफच्या यादीत कायम लिहिलेले आहेत. प्लेटसाठी फाइल बाहेर पाठवताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉण्टशिवायही तशीच दिसणाऱ्या आकारांत, करूनच पाठवायची. बिलबुकात पहिला आणि शेवटचा नंबर मागच्या ऑर्डरशी जुळवायचा.

निवडणुकीच्या पत्रकांवर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क नुसार मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता लागतो. प्रकाशकाचं सहीचं घोषणापत्र दोन प्रतींत, दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीने घ्यावं लागतं. घाई कितीही असली तरी हे आणि पूर्ण आगाऊ रक्कम आल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही.

चार रंगांचं मशीन का नाही, तर ते दिवसभर चालवण्याइतकं काम आमच्याकडे नाही. हप्ता मात्र रोज चालतो. थोड्या प्रती असतील तर काम डिजिटलला बाहेर देतो, जास्त असतील तर मोठ्या प्रेसला. सीमारेषा काढायचा हिशोब सोपा आहे. ऑफसेटच्या प्लेट आणि सेटिंगचा ठोक खर्च घ्यायचा आणि डिजिटल व ऑफसेटच्या प्रति-प्रत दरांतल्या फरकाने भागायचा. समजा ठोक खर्च १,२०० रुपये, डिजिटलला प्रतीमागे ६ रुपये आणि ऑफसेटला १.२० रुपये. मग १,२०० भागिले ४.८०, म्हणजे २५० प्रती. त्याखाली डिजिटल, त्यावर ऑफसेट. आपल्या भागातले दर घालून हा आकडा दर सहा महिन्यांनी पुन्हा काढावा.

उधारी हा छपाईतला जुना आजार. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली माल देताना, हा नियम लहान कामांना पाळता येतो. कंपन्या मुदत मागतात. तिथे लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी उपयोगी पडते. ती मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. नोंदणी क्रमांक बिलावर आणि कोटेशनवर छापावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे देणं थकवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागतं. व्याज मागायची वेळ क्वचित येते, पण बिलाच्या तळाशी ती ओळ असली की पैसे बऱ्यापैकी वेळेवर येतात.

घर आणि गल्ला वेगळे. मालकाचा पगार ठरलेला, महिन्याच्या ७ तारखेला. मधेच गल्ल्यातून भाजी-दूध गेलं की कुठल्या कामात पैसे सुटले आणि कुठल्यात गेले हेच कळत नाही.

रद्दीची चार पोती असतात : न छापलेली पांढरी कात्रणं, छापील, रंगीत आणि लॅमिनेशनची. पांढऱ्या कात्रणाला भाव जास्त. त्यात मूठभर लॅमिनेशन मिसळलं तर पूर्ण पोतं खालच्या भावात जातं. जुन्या प्लेट ॲल्युमिनियमच्या भावाने वेगळ्या विकायच्या. एका बाजूने कोरे राहिलेले कागद ए-५ मध्ये कापून, मागे पुठ्ठा लावून, वरच्या कडेला गम फिरवला की शंभर पानांचं पॅड होतं. मेअखेर ते बांधून ठेवतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की कामगारांच्या मुलांना कच्च्या कामाच्या वह्या म्हणून जातात, उरलेले काउंटरवर विकायला.