त्रेचाळिसावं पोतं

आमच्याकडे जेरियाट्रिक्सची पोस्टिंग मुलं आरामात घेतात. दोन आठवडे, सहा जणांची बॅच, परीक्षेत फार तर एखादी शॉर्ट नोट. २०१९पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात मेडिसिनखाली आयएम २४ हा अख्खा भाग वृद्धांच्या आजारांवर आहे. पण आमचे विभागप्रमुखच जिथे ‘जेरियाट्रिक्स म्हणजे मेडिसिनच, फक्त जरा मोठ्यानं बोलायचं’ म्हणतात, तिथे मुलांना काय बोलणार?

पहिल्या दिवशी मी त्यांच्या बुटांत हरभरे टाकायला लावतो. चष्म्याला व्हॅसलीन, कानात कापूस, हातात दोन-दोन ग्लोव्ह्ज. असं ओपीडीतून एक्स-रेपर्यंत जायचं, रांगेत उभं राहायचं आणि परत येऊन पाकिटातली एक गोळी काढून तिचे दोन सारखे तुकडे करून दाखवायचे. वीस मिनिटांत हसणं बंद होतं. दुसऱ्या दिवशी बीपी. पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं घसरला, तर आजी बाथरूममध्ये का पडल्या याचा अंदाज येतो, एमआरआयच्या आधी. हे दोन दिवस मला मनापासून आवडतात. बाकी राउंडच्या मागे फरपट आणि एक दुपार नेरूळच्या विरंगुळा केंद्रात. तिथे कॅरम खेळणारे आजोबा मुलांचीच हिस्टरी घेतात: गाव कुठलं, लग्न ठरलंय का.

त्या मंगळवारी बेड एकोणीसवर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तात्या होते, रात्री दोनला कॅज्युअल्टीतून वर आलेले. केस पेपरची पहिली ओळ: नोन केस ऑफ डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा जुना पेशंट. निदान कुणी केलं होतं? कुणीच नाही. मुलगा म्हणाला, ‘तात्यांचं डोकं गेलंय.’ कॅज्युअल्टीतल्या पोरानं ते इंग्रजीत लिहिलं, वॉर्डातल्या रेसिडेंटनं उतरवून घेतलं आणि सकाळच्या राउंडला मी, चौदा वर्षं हेच शिकवणारा, ते मोठ्यानं वाचून पुढच्या बेडकडे गेलो. चादर उपटतात म्हणून रात्री त्यांचे हात गॉजच्या पट्टीनं कठड्याला बांधलेले होते. ‘सोडियमचा रिपोर्ट आला की सांगा,’ एवढंच माझं योगदान.

बॅचमधली एक मुलगी कोपरखैरण्याची. व्हायवात अडखळते, राउंडला कायम सगळ्यांच्या मागे. दुपारी बाकीचे पाच जण कॅन्टीनला गेले आणि ही सिस्टरना विचारून, पट्ट्या सोडून, तात्यांजवळ स्टूल ओढून बसली. पावणेदोन तास. साडेतीनच्या सुमारास माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, ‘सर, आजोबा चादर उपटत नाहीयेत. थप्पी लावतायत.’

मी जाऊन पाहिलं. उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी वाकवून ते हवेत रोवायचे, अंगाकडे ओढायचे, मान खाली घालून ओझं पाठीवर घ्यायचे, ठेवायचे, वरून दोनदा थोपटायचे. आणि मोजायचे. तिचे आजोबा जावळीहून येऊन कांदा-बटाटा मार्केटला माथाडी लागले होते. तात्याही तिथलेच निघाले. ते हात तिच्या ओळखीचे होते. डिलिरियम म्हणजे आजारानं किंवा औषधानं अचानक होणारा भ्रम. पुस्तकात याला ऑक्युपेशनल डिलिरियम म्हणतात, भ्रमात माणूस आपलं जन्मभराचं काम करायला लागतो. मी ते वाचलेलं होतं, तिनं नव्हतं.

चाट पडलो तो मात्र तिच्या वहीनं. वेळा घालून लिहिलेलं. दोन वाजून पाच मिनिटांनी तात्यांनी तिचं नाव विचारलं, लक्षात ठेवलं, पाणी मागितलं. पावणेतीनला ती त्यांची मुकादम झाली होती. मोजणी प्रत्येक वेळी त्रेचाळीसला अडकायची आणि पुन्हा एकपासून. चैत्र, वैशाख सरळ म्हणाले. उलटे म्हणायला सांगितल्यावर फाल्गुन, माघ आणि तिथून थेट चैत्र. (जानेवारी-डिसेंबर विचारले असते तर आम्ही त्यांना आधीच नापास केलं असतं.) डिलिरियम ओळखायची कॅम नावाची पद्धत १९९० सालची आहे: अचानक सुरुवात आणि क्षणाक्षणाला चढउतार, लक्ष न टिकणं, शिवाय विस्कळीत विचार किंवा बदललेली शुद्ध यांपैकी एक. पोरीनं नाव न घेता सगळं टिपलं होतं. अचानक सुरुवातीचा पुरावासुद्धा. ‘आठ दिवसांपूर्वी कसे होते?’ हा प्रश्न तिनं सुनेला विचारला होता. ‘स्वतः पिशवी घेऊन भाजीला जायचे, सुट्ट्या पैशांसकट हिशेब द्यायचे.’ मुलाला हे ठाऊक नव्हतं; तो पहाटे टेम्पो घेऊन निघतो तो रात्रीच उगवतो. म्हाताऱ्या माणसाची खरी हिस्टरी बहुतेक घरांत सुनेकडे असते आणि राउंडच्या वेळी आमचे सिक्युरिटीवाले नेमकं तिलाच वॉर्डाबाहेर काढतात.

वहीतली शेवटची ओळ: ‘सारखी पायजम्याची नाडी ओढतात. पायजमा सकाळपासून कोरडा.’

पोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत घट्ट गोळा, ठोकल्यावर ढब्ब आवाज. जीभ सुकून खरखरीत. रात्रीपासून दोन सलाइन आत गेल्या होत्या. बाहेर काय आलं, हे कुणी विचारलंच नव्हतं. सोळा नंबरचा कॅथेटर घातला, पिशवीत अकराशे मिली लघवी जमली. तात्यांनी लांब सुस्कारा सोडला, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि झोपले.

मग गोळ्या. सूनबाईंनी किराण्याच्या पिशवीतून सगळ्या बेडवर ओतल्या. मेडिकलवाल्याला सांगून आणलेली सर्दीची गोळी, क्लोरफेनिरामीनवाली. आणि नागीण गेल्यावर मागे राहिलेल्या आगीसाठी रात्रीची अमिट्रिप्टिलीन, २५ मिलिग्रॅम. दोन्हींचा दोष एकच: तोंड कोरडं, आतडी सुस्त, डोक्यात धुकं आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी बंद. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची बीअर्स यादी १९९१पासून आहे, अमिट्रिप्टिलीन तीत आहे. ती स्लाइड मी दर बॅचला दाखवतो.

अमिट्रिप्टिलीनची चिठ्ठी त्या मुलीनंच उलगडून वाचली. आमच्याच ओपीडीची, सोळा दिवसांपूर्वीची. अक्षर रेसिडेंटचं, सही माझी. लघवीचा त्रास विचारल्याची नोंद नाही. त्या दिवशी किती नंबर लागले होते वगैरे मी स्वतःला सांगून पाहिलं. ही चिठ्ठी दुसऱ्या कुणाची असती, तर पुढच्या मीटिंगला मी त्याला सोडला नसता.

दोन्ही गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी तात्या चष्मा लावून, कानातलं मशीन घालून चहात बिस्किट बुडवत बसलेले होते. त्रेचाळीसचं काय, ते त्यांना आठवत नव्हतं. मुलाला मी म्हणालो, ‘डोकं गेलेलं नाही. गोळ्यांचा परिणाम होता.’ कुणाच्या गोळ्या, ते मी बोललो नाही. तो पाया पडायला वाकला, मी त्याचे खांदे धरले. ती शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

भ्रमाखाली थोडा डिमेन्शिया खरंच दडलेला आहे का, हे तेव्हा सांगता येत नव्हतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावलंय. सूनबाई म्हणाल्या, तोवर गावी नेतो. म्हणजे येतील की नाही कोण जाणे.

पोस्टिंग संपताना सहा लॉगबुकं टेबलावर आली. बी, एम, ई: अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं, अपेक्षेपेक्षा जास्त. स्टुलावर पावणेदोन तास बसण्याला रकाना नाही. ‘वृद्ध रुग्णाची हिस्टरी घेणे’ याच्यासमोर मी तिला ई दिला आणि सही करताना हात थबकला. हा ई वहीसाठी, की ती गप्प राहिली म्हणून?

लॉगबुक उचलून तिनं एप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. ‘सर, ही ओपीडीची चिठ्ठी. फाइलला लावायची राहिली होती.’

लावली मी. त्याच दिवशी नाही, दोन दिवसांनी.