४२ दिवस आणि एक बंद पाकीट

७ सप्टेंबर २०१७, गुरुवार. सकाळी ऑफिसात पोचले तर सगळे एकाच स्क्रीनभोवती गोळा झालेले. अ‍ॅमेझॉन सिएटलच्या जोडीला दुसरं मुख्यालय बांधणार होती आणि त्यासाठी उत्तर अमेरिकेतल्या शहरांकडून उघड प्रस्ताव मागवले होते. ५०,००० नोकऱ्या, ५ अब्ज डॉलरची गुंतवणूक. मुदत १९ ऑक्टोबरपर्यंत.

अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहराच्या आर्थिक विकास विभागात मी आकडेवारीचं काम करते. शहराचं नाव लिहीत नाही, कारण पुढे येईलच.

एरवी आमचं हे काम गुपचूप चालतं. कंपनी नावही सांगत नाही. जागा शोधून देणारा सल्लागार फोन करतो, प्रकल्पाला काहीतरी सांकेतिक नाव असतं, आणि आम्ही जमीन किती, वीज किती, पाणी किती एवढं कळवतो. या वेळी नाव, अपेक्षा, मुदत सगळंच जगजाहीर. त्यामुळे ‘आपण अर्ज करायचा का?’ हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारलाच नाही. अर्ज करायचा हे धरूनच पहिली बैठक सुरू झाली.

मागणीपत्र मी त्या रात्री दोनदा वाचलं. दहा लाखांवर वस्तीचा महानगर परिसर, ४५ मिनिटांच्या आत आंतरराष्ट्रीय विमानतळ, सार्वजनिक वाहतूक थेट जागेपर्यंत. सुरुवातीला ५ लाख चौरस फूट, पुढे वाढत ८० लाखांपर्यंत. सिएटल, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टनला रोजची थेट विमानं. आणि भरपूर तंत्रज्ञ मनुष्यबळ. सवलतींचाही मुद्दा होता, गरज पडली तर खास कायदा करता येईल का इथपर्यंत.

माझ्याकडे मनुष्यबळ आणि प्रवासाचा वेळ असे दोन तक्ते आले. जागांचं काम दुसऱ्या गटाकडे होतं; जमीनमालकांची पत्रं त्यांनी दहा दिवसांत मिळवली.

मनुष्यबळाच्या तक्त्याने मला दोन आठवडे झोपू दिलं नाही. केंद्रीय शिक्षण खात्याकडे प्रत्येक विद्यापीठाने दिलेल्या पदव्यांची विषयवार नोंद असते, ती काढली. जनगणना खात्याच्या वार्षिक पाहणीतून संगणक क्षेत्रात किती लोक काम करतात ते काढलं. बेरीज पुन्हा पुन्हा केली. आमच्या सगळ्या विद्यापीठांतून दर वर्षी बाहेर पडणारे संगणकशास्त्राचे पदवीधर एकूण एक या कंपनीत गेले आणि एकानेही शहर सोडलं नाही असं धरलं, तरी ५०,००० भरायला कित्येक दशकं लागली असती. आणि मुलं तर शहर सोडून जातच होती. मी हे जसंच्या तसं लिहून दिलं. वरिष्ठांनी वाचलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘शेजारच्या दोन राज्यांतली विद्यापीठंही घे.’ घेतली. तक्ता भरल्यासारखा दिसायला लागला.

प्रवासाचा वेळ गाडीने मोजणं सोपं. बसने किती लागतात ते वेळापत्रकात होतं, पण वेळापत्रकावर माझा भरवसा नव्हता. म्हणून एका मंगळवारी सकाळी ७ वाजून १० मिनिटांची बस मी शहराच्या मध्यातून पकडली आणि आमच्या पहिल्या पसंतीच्या जागेकडे, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जमिनीकडे, निघाले. मांडीवर वही, हातात घड्याळ. गाडीने १७ मिनिटांचा रस्ता. मला ५६ मिनिटं लागली, त्यातली १९ एका थांब्यावर दुसऱ्या बसची वाट बघण्यात. तिथे शेजारी एक बाई उभी होती, वृद्धाश्रमात काम करणारी. मी काय टिपतेय ते तिने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, ‘सकाळचं ठीक आहे हो. माझी पाळी साडेनऊला सुटते आणि शेवटची बस नऊची. ते लिहिलंत का?’

लिहिलं. प्रस्तावात गाडीचा वेळ मुख्य पानावर गेला आणि बसचा परिशिष्टात. यावर मी वाद घातला, हरले.

मग पैसे. सहा आठवड्यांत सगळ्यांत लवकर भरलं गेलेलं पान हेच. मालमत्ता करात सूट, नव्या नोकरीमागे कर-सवलत, रस्त्यांचा आणि सांडपाण्याचा खर्च आमच्याकडे. दोन दुपारच्या बैठकांत आकडा ठरला. इतर पानांवर आम्ही एकेका दशांशासाठी भांडलो होतो. इथे शेवटची वाढ केवळ एवढ्यासाठी झाली की दुसरी शहरं जास्त देतील अशी भीती होती. ते पान व्यापारी गुपित म्हणून वेगळ्या पाकिटात बंद झालं. नगर परिषदेच्या सदस्यांनाही एकूण आकडा दाखवला नाही. ज्यांच्या करातून तो द्यायचा, त्या लोकांना तर नाहीच. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

बाहेर तेव्हा काय काय चाललं होतं! अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनहून २१ फुटी निवडुंग भेट म्हणून सिएटलला निघाला. कंपनीने तो नाकारला आणि शेवटी वाळवंटी संग्रहालयाला गेला. जॉर्जियातल्या स्टोनक्रेस्टने ३४५ एकर जमीन वेगळी काढून तिला ‘अ‍ॅमेझॉन’ असं शहराचं नाव द्यायची तयारी दाखवली. कॅन्सस सिटीच्या महापौरांनी कंपनीच्या संकेतस्थळावरच्या हजार वस्तूंना पाच तारे देत परीक्षणं लिहिली. लोक हसले. मला हसू आलं नाही. त्यामागची धडपड मी रोज ऑफिसात बघत होते. सॅन अँटोनिओने मात्र मुदतीच्या आठवडाभर आधी पत्र पाठवून शर्यतीतून अंग काढून घेतलं. ते पत्र मी छापून टेबलावर ठेवलं होतं.

१९ ऑक्टोबरला नेमकं लक्ष्मीपूजन होतं. आमचा प्रस्ताव गेला, घरी पोचायला नऊ वाजले, दिवा लावला आणि तशीच सोफ्यावर झोपले.

एकूण २३८ प्रस्ताव गेले. १८ जानेवारी २०१८ ला २० जणांची यादी आली, त्यात आम्ही नव्हतो. नंतर कंपनीकडून वरिष्ठांना एक फोन आला. बोलणं मनुष्यबळावर झालं. सवलती कमी पडल्या असं कुणी म्हणालं नाही.

निकाल लागला १३ नोव्हेंबरला. मुख्यालय दोन ठिकाणी विभागलं: न्यूयॉर्कचं लाँग आयलंड सिटी आणि वॉशिंग्टनला लागून असलेलं व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन, प्रत्येकी २५,००० नोकऱ्या. मी लगेच आकडे काढून बसले. न्यू जर्सीतल्या नेवार्कसाठी ७ अब्ज डॉलर देऊ केले होते, मेरीलँडने ८.५ अब्ज. आर्लिंग्टनला मिळणार होते ५७.३ कोटी. प्रकल्प अर्धा झाला हे धरलं तरी दरी प्रचंडच. शिवाय व्हर्जिनियाचे राज्याचे पैसे नोकऱ्या प्रत्यक्ष झाल्यावर द्यायचे होते. तिथे मेट्रो दारात, विमानतळ नदीकाठी लागूनच, संरक्षण खात्याची कार्यालयं हलल्यामुळे रिकाम्या पडलेल्या इमारती, आणि संगणकशास्त्राचे पदवीधर वाढवण्याची राज्यभराची योजना, ज्यात व्हर्जिनिया टेकचा नवा कॅम्पसही होता. ती योजना कंपनी आली नसती तरी राज्याच्या कामाची होती. आमच्या पाकिटातलं काहीही असं उरणारं नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये सुमारे ३ अब्जांच्या सवलतींवर लोक खवळले आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला कंपनी तिथून माघारी फिरली. आकडा लोकांसमोर आला आणि लोकांनी त्यावर मत मांडलं. ते मत बरोबर की चूक यावर आमच्या ऑफिसात अजून वाद होतात. पण मत मांडायची संधी त्यांना मिळाली, आमच्या लोकांना ती मिळाली नव्हती.

त्याच वर्षी उन्हाळ्यात बस खात्यातून मला फोन आला. परिशिष्टातला तो प्रवासवेळेचा तक्ता त्यांना हवा होता, कारण सकाळ-संध्याकाळ स्वतः बसमध्ये बसून मोजलेले आकडे त्यांच्याकडेही नव्हते. मी वहीसकट गेले. तीन बैठका झाल्या. त्या मार्गाची शेवटची बस आता रात्री सव्वादहाला सुटते.

पाकीट अजून बंद आहे. त्यातला आकडा मला पाठ आहे, पण गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे. शहराचं नाव न लिहिण्याचं कारण तेच.