डिस्क शंभर टक्के, काम शून्य

डिचोलीत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. चतुर्थीच्या आधी आरत्यांच्या पुस्तिका, नंतर जत्रा सुरू झाल्या की नाटकांच्या हस्तपत्रिका. लॅपटॉप जुना, पण धड. फक्त सकाळी बटण दाबून दुकान झाडून घ्यायचं, देवाला उदबत्ती लावायची, तरी कोरलड्रॉ, म्हणजे मांडणीचं सॉफ्टवेअर, उघडायचं नाव नाही. गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत उभं.

नवीनच घ्यावा असं घरात ठरत होतं. फर्मागुडीला इंजिनीअरिंगला असलेला भाचा म्हणाला, "आत्या, आधी टास्क मॅनेजर बघ." मशीनचा कुठला भाग किती गुंतलाय ते दाखवणारी ही विंडोजची खिडकी. बघितलं. डिस्क १०० टक्के, आणि वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. डिस्क पूर्ण गुंतलेली आणि काम मात्र काहीच नाही, हे मला कळेना.

त्याने समजावलं. माझी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. आतली तबकडी फिरून हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली येण्यातच सरासरी साडेपाच मिलीसेकंद जातात, सुई सरकण्याचा वेळ वेगळा. सलग मोठी फाइल असेल तर ती सेकंदाला शंभरेक एमबी वाचते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इकडे-तिकडे विखुरलेल्या असतात, आणि त्यात माझे शेकडो मराठी फॉन्ट. सगळा वेळ धावपळीतच जातो. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच, त्यामुळे कुठलाही तुकडा मिलीसेकंदाच्या अंशात मिळतो. जाहिरातीतल्या सेकंदाला ५५० एमबी वेगापेक्षा मला हेच महत्त्वाचं वाटतं.

लॅपटॉपमध्ये एम.२ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, खाच नव्हती, म्हणून जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी लागली. म्हापशाच्या दुकानात ४८० जीबीची स्वस्त पडत होती, पण माझी जुनी डिस्क ५०० जीबीची. डिस्क जशीच्या तशी उतरवायची तर नवी तेवढी किंवा मोठी असलेली बरी, नाहीतर आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे आतले भाग, लहान करत बसा. ५१२ची घेतली.

आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप काढला. डिस्कची हुबेहूब नक्कल करायला क्लोनझिला नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद केलं, ते चालू असलं की क्लोनझिला अडून बसतं. पेनड्राइव्हवरून क्लोनझिला चालवलं, एसएसडी यूएसबी केबलने जोडली. कुठून आणि कुठे हे विचारतं तेव्हा नावं एसडीए, एसडीबी अशी दिसतात. इथे उलटं झालं तर सगळंच पुसलं जाणार. ५०० आणि ५१२ हे आकडे बोट ठेवून वाचले, मगच होकार दिला. पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि लॅपटॉपची बॅटरी नावापुरती, म्हणून चार्जर यूपीएसला लावला होता.

मग मागचं झाकण काढून जुनी डिस्क बाहेर, तिची पत्र्याची चौकट सोडवून एसएसडीला लावली. ते चार स्क्रू तांदळाएवढे. खाली कागद अंथरा. दोन्ही डिस्क जोडून मशीन सुरू करू नये, दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज गोंधळतं.

आता चहाचा पहिला घोट घेईपर्यंत विंडोज तयार असतं, कोरलही लगेच उघडतं. पण जड पीडीएफ काढायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, ते काम प्रोसेसरचं. इंटरनेटही होतं तसंच आहे. रॅम ४ जीबीच असल्याने ब्राउझरमध्ये फार टॅब उघडले की मशीन अजून कुरकुरतं. ती पुढे वाढवेन. तरी पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर डिस्कवरच घाला, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

डीफ्रॅगचं, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणारं, जुनं सॉफ्टवेअर काढून टाकलं. एसएसडीला त्याची गरज नाही, उगाच झीज होते. जुनी डिस्क पूर्ण पुसून यूएसबीच्या डबीत घातली आहे. हार्ड डिस्क बऱ्याचदा मरण्याआधी कटकट आवाज करते, एसएसडी मात्र न सांगता जाऊ शकते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणं अवघड. म्हणून दर शनिवारी दुकान बंद करण्याआधी आठवड्याचं काम त्या डबीत उतरवते.