तुम्ही विचारलेत म्हणून: ग्राहकाच्या घरच्यांचे फोन आम्ही का घेतो

हा प्रश्न मला नेहमी दोन भागांत विचारला जातो. करार मालकाशी झालेला असताना त्याची पत्नी, मुलगा, सून किंवा निवृत्त वडील यांचे फोन तुमची माणसे का घेतात, हा पहिला भाग. आमचे सॉफ्टवेअर ज्याने कधी घेतलेच नाही, त्यालाही आमच्या प्रशिक्षणाचे धडे मोकळे का ठेवता, हा दुसरा. हिशेबनीस हे विचारतात, नव्याने रुजू झालेले सहकारी विचारतात, आणि याच व्यवसायातले लोक तर भेट झाली की विचारतातच. पुष्कळदा विचारणाऱ्याने उत्तरही मनाशी ठरवलेले असते: ही गिऱ्हाईक ओढण्याची युक्ती असावी, नाहीतर यांना धंदा कळत नसावा. आजवर मी दोन वाक्ये बोलून विषय संपवत आले. ती वाक्ये खोटी नव्हती, पण अपुरी होती, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आमच्यासारख्या लहान कंपनीकडे येणारे ग्राहकही लहानच असतात. करारावर सही मालकाची असते. पण दिवसभराची बिले रात्री जेवणानंतर संगणकात भरणारी त्याची पत्नी असते, प्रिंटर अडला की तो सुरू करणारा मुलगा असतो आणि मालक माल आणायला गेले की गल्ल्यावर वडील बसतात. ज्याच्या नावाने परवाना दिलेला असतो, त्याने स्वतः एकही नोंद केलेली नाही, अशी कितीतरी खाती मी पाहिली आहेत. अशा ठिकाणी ‘फक्त अधिकृत व्यक्तीशीच बोलू’ असे म्हणणे म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्याशी न बोलणे. त्यात आमचा स्वार्थही आहे, तो मी लपवत नाही. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट कशी करायची, हे विचारायला कोणी नाही म्हणून रात्री कोणी मूळ बिलच पुसून टाकले, तर तो गुंता सोडवायला दुसऱ्या दिवशी आमचाच माणूस अर्धा दिवस बसतो. पाच मिनिटांचा फोन त्यापेक्षा स्वस्त पडतो.

इतकेच कारण असते, तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. खरे कारण एका छापखान्याशी जोडलेले आहे. त्याविषयी मी छापखान्याच्या मालकांच्या पत्नीच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत.

मालक मितभाषी आणि अत्यंत व्यवस्थित होते. त्यांच्यासाठी आम्ही मागणी, साठा आणि येणे बाकी यांचा प्रोग्राम केला होता, आणि छापखान्याची मेल आमच्या सर्व्हरवर होती. ऐन कामाच्या हंगामात हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. दिवसकार्य उरकायच्या आतच त्यांच्या मुलीचा फोन आला. छापून तयार असलेले गठ्ठे कोणाचे, कोणाकडून आगाऊ रक्कम आली आहे, कागदाच्या व्यापाऱ्याचे किती देणे आहे, यांपैकी घरात कोणालाच काही ठाऊक नव्हते. ‘सगळे कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढेच ते सांगत असत.

तो संगणक उघडत नव्हता. एका नातेवाइकाने मदत म्हणून त्यातली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिली होती. पण डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, होते. त्यामुळे पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा राखीव क्रमांक, मागितली जात होती. ती की त्यांच्या वैयक्तिक खात्यात साठवलेली होती. त्या खात्यात शिरायला दर ३० सेकंदांनी बदलणारा सांकेतिक क्रमांक हवा होता आणि तो त्यांच्या फोनवरच दिसला असता. फोन मध्यंतरी बॅटरी संपून बंद पडला होता. चार्ज करून सुरू केल्यावर तो पिन मागत होता, आणि पिन कोणाला माहीत नव्हता. यातले प्रत्येक कुलूप त्यांनी आमच्याच सांगण्यावरून लावले होते. ते लावायला नको होते, असे मी आजही म्हणणार नाही. डिस्क चोरीला गेली असती, तर त्याच कुलपाने त्यांना वाचवले असते.

सुदैवाने रोजचा बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत, आमच्याकडे येत होता. तो आम्ही दुसऱ्या संगणकावर उतरवला आणि छापखान्यात नेऊन लावला. खतावणी उघडली, आकडे दिसू लागले, आणि तिथे मला कळले की आकडे दिसणे म्हणजे हिशेब कळणे नव्हे. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःपुरती खुणांची भाषा तयार केली होती. ‘२बा मॅ १३०’ म्हणजे दोन्ही बाजूंनी छपाई, मॅट कागद, १३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) वजनाचा, हे जुन्या मशीनमनने पाहताक्षणी सांगितले. काही नावांपुढे मात्र नुसते ‘थां’ होते, आणि ते त्यालाही उलगडेना. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नीने ती नावे वाचली आणि म्हणाल्या, “ही माणसे अडचणीत आहेत. यांच्याकडे पैसे मागायला थांबायचे, असे हे मला म्हणाले होते.” वसुलीची यादी करायला बसलेल्या मुलीने ती नावे वेगळी काढली. आम्ही त्या प्रोग्रामचे प्रशिक्षण फक्त मालकांना दिले होते; त्या रकान्याचा अर्थ ज्यांना ठाऊक होता, त्यांना तो पडदा कसा दिसतो हेही कधी कोणी दाखवले नव्हते.

हा भाग मी लोकांना सांगते. पुढचा सहसा सांगत नाही.

त्यानंतर मुलीने वडिलांची मेल उघडून मागितली. मोठ्या ग्राहकांच्या मागण्या, मंजूर झालेले नमुने, छापखान्याच्या डोमेनच्या (संकेतस्थळ आणि मेल ज्या नावावर चालतात त्या इंटरनेटवरच्या नावाच्या) नूतनीकरणाच्या सूचना असे सारे त्या पेटीत होते. सर्व्हर आमचा होता. पासवर्ड बदलायला मला एक मिनिट लागले असते. मी नाही म्हटले. त्याच दुपारी मालकांच्या धाकट्या भावाचाही फोन आला होता. छापखान्यात त्यांचे भांडवल आहे, असे सांगून त्यांनीही हीच मागणी केली होती. त्यांनाही मी नाही म्हटले होते. छापखाना एकट्याच्या मालकीचा होता. अशा धंद्याला मालकापासून वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते, त्यामुळे मालक गेल्यावर अधिकार वारसांकडे जातो, आणि वारस कोण हे ठरवणारी मी कोणी नव्हे. शिवाय त्या पेटीत फक्त त्यांचीच पत्रे नव्हती, त्यांना विश्वासाने लिहिणाऱ्या इतरांचीही होती. कागदपत्रे आणा, त्याच दिवशी उघडून देते, असे मी सांगितले.

“ताई, तुम्ही आमच्या घरी जेवला आहात. बाबांना तुम्ही ओळखत होतात. आणि आता मला कागद मागता?” असे ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. मी काकाच्या फोनबद्दल तिला काही सांगू शकत नव्हते, कारण तेही त्यांनी आमच्याशी केलेले खासगी बोलणे होते. त्यामुळे माझा नकार तिला निव्वळ कोरडा वाटला असणार.

जे करता आले ते आम्ही केले. येणाऱ्या प्रत्येक मेलला आपोआप उत्तर जाईल आणि त्यात छापखान्याचा नवा पत्ता असेल, अशी व्यवस्था लावली. जुनी पेटी कोणी वाचली नाही. पण डोमेन मालकांनी स्वतःच, दुसऱ्या एका विक्रेत्याकडून घेतले होते, आणि त्याची मुदत याच काळात संपली. ‘डॉट कॉम’सारख्या नावांची मुदत संपली की विक्रेत्याने दिलेली जादा मुदत उलटल्यावर नाव नोंदणीतून काढले जाते, मग ३० दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येते, पुढचे ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही आणि त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो. आधी संकेतस्थळ बंद झाले, मग मेल बंद झाली, आणि आम्ही लावलेली ती आपोआप उत्तराची व्यवस्थाही निरुपयोगी ठरली. कागदपत्रे पूर्ण झाली तेव्हा सोडवणुकीचे ते ३० दिवस चालू होते. नाव वाचले; काही मोठे ग्राहक मात्र तोवर दुसरीकडे गेले होते. पेटी आम्ही त्याच दिवशी उघडून दिली. छापखाना आज चालू आहे, काम आमच्याकडेच आहे, पण फोन आई करतात. मुलगी माझ्याशी बोलत नाही.

तिचे नुकसान झाले, हे मला मान्य आहे. माझा नकार चुकला, हे मला मान्य नाही. ही दोन वाक्ये मी कित्येक महिने एकमेकांसमोर ठेवून पाहिली आहेत, आणि ती जुळत नाहीत.

त्यानंतर आम्ही सुरुवातीची पद्धत बदलली. प्रोग्राम बसवताना घरातल्या किंवा धंद्यातल्या किमान दोघांना शिकवल्याशिवाय आम्ही काम पूर्ण झाले असे लिहीत नाही. रिकव्हरी की कागदावर छापून पाकिटात बंद करून मालक सांगतील त्या जागी ठेवायला लावतो. गूगलने २०१३पासून अशी सोय दिली आहे की खाते काही महिने वापरात नसले तर आपण नेमलेल्या माणसांना कळवले जाते आणि आपण ठरवलेली माहिती मिळते. ॲपलने २०२१च्या अखेरीस वारस-संपर्क, म्हणजे आपल्या पश्चात खात्यातली माहिती पाहू शकणारा माणूस, नेमण्याची सोय आणली. दोन्ही आम्ही समोर बसून लावून देतो, कारण माणूस गेल्यावर त्या लावता येत नाहीत. ॲपलच्या वारस-संपर्काला साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत, हेही तेव्हाच सांगतो, नाहीतर लोक त्या एका सोयीवर विसंबून राहतात. घरच्यांच्या फोनची मर्यादाही स्पष्ट आहे: काम कसे करायचे ते कोणालाही सांगू, वहीतला आकडा मालकाने नेमलेल्यालाच.

प्रशिक्षणाचे धडे मोकळे ठेवण्याचा निर्णयही यातूनच आला. छापखान्यातल्या त्या काकूंना कोणता धडा हवा होता आणि त्या तो कोणत्या नावाने मागायला आल्या असत्या? त्या ग्राहक नव्हत्या, त्यांचे लॉगिन नव्हते, आणि नवऱ्याच्या हयातीत ‘मला शिकवा’ असे त्या म्हणाल्या नसत्या. दुपारच्या वेळी घरी बसून, कोणाला न विचारता पाहता येईल, अशा जागी धडा असेल तरच तो त्यांच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून बॅकअपचा धडा मोकळा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला हा नियम आम्ही शिकवतोच. पण प्रत परत उतरवून पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नका, हे त्याहून जास्त वेळा सांगतो. आमच्या प्रोग्राममधली सगळी माहिती साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (बहुतेक कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडणाऱ्या तक्त्यात) बाहेर काढून दुसऱ्या कंपनीकडे कशी न्यायची, याचाही धडा मोकळा आहे, आणि सर्वांत जास्त टीका त्याच धड्यावर होते.

पूर्वी मी स्वतःच या सगळ्याच्या विरोधात होते. प्रोग्राम एकदा विकला जातो, प्रशिक्षण मात्र प्रत्येक नव्या कारकुनाबरोबर पुन्हा विकले जाते. लहान कंपनीचे पगार त्याच्यावर निघतात, असे मी तेव्हा ठासून सांगत असे. त्या म्हणण्याला माझ्याकडे आजही पुरेसे उत्तर नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००१मध्ये आपले अभ्याससाहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली आणि तिच्या वर्गांतली गर्दी काही ओसरली नाही, हे उदाहरण मी पूर्वी देत असे. आता देत नाही. त्या संस्थेकडे द्यायला पदवी असते, आमच्याकडे नाही. आमचे धडे दाखवून दुसऱ्या कंपन्या आपली माणसे तयार करतात, हे मला ठाऊक आहे. धडे मोकळे केले त्या वर्षी प्रशिक्षणाचे उत्पन्न घटले आणि पगारवाढ पुढे ढकलावी लागली. तेव्हा एक जुना सहकारी, ज्याने त्यातले कितीतरी धडे स्वतः तयार केले होते, मला म्हणाला, “ग्राहकांची घरे आपण सांभाळतो, मग आमच्या घरांचे काय?” काही काळाने तो सोडून गेला. रात्रीच्या फोनसाठी आता पाळ्या आहेत आणि त्या वेळेचा वेगळा मोबदला आहे. ग्राहकाच्या जागी जाऊन त्याच्याच कामाप्रमाणे शिकवण्याचे पैसे आम्ही घेतो आणि ते उत्पन्न हळूहळू वाढते आहे. पण त्याच्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर आहे, असे मी म्हणणार नाही.

नव्या ग्राहकाच्या अर्जात आता एक ओळ आहे: आपल्या पश्चात आपली मेल कोणी उघडावी? बरेच जण ती रिकामी सोडतात. विषय अशुभ वाटतो म्हणून काही जण सोडतात, घरात नाव लिहिल्याने वाद होईल म्हणून काही जण, आणि काहींना खरोखरच ती कोणीही उघडायला नको असते. आम्ही एकदा आठवण करतो, आग्रह करत नाही. रिकाम्या जागेचा अर्थ ‘कोणीही नाही’ असा घ्यायचा आणि कागदपत्रांची वाट पाहायची, असे माझे मत आहे. सध्या फोनची जबाबदारी जिच्याकडे आहे, त्या सहकारी मुलीचे म्हणणे वेगळे आहे: जोडीदार किंवा मुले मागत असतील आणि दुसरा कोणी हक्क सांगत नसेल, तर निदान धंद्याची पत्रे तरी शोधून द्यावीत. ती शोधायची तर आधी सगळी पत्रे कोणीतरी वाचावी लागतील, असे मी तिला म्हणते. धंदा बुडत असताना तुम्ही आणखी कशाची वाट पाहणार, असे ती मला विचारते. नियम अजून माझ्या मताप्रमाणे चालतो. तो बदलावा असे तिने लेखी दिले आहे, आणि ते पत्र अजून माझ्याकडे विचाराधीन आहे.