डाउनहिल: बिशपसाहेबांचा पडका वाडा

उत्तर आयर्लंडला गेलेली मंडळी जायंट्स कॉजवे बघून परत फिरतात, आणि त्याच किनाऱ्यावर थोडं पश्चिमेला असलेलं डाउनहिल राहूनच जातं. आम्ही कोलरेनहून गाडी पकडून कॅसलरॉकला उतरलो आणि चालत निघालो. सोबत पुण्याहून आलेली आई.

बिशप्स गेटमधून आत शिरलं की आधी दाट झाडी, मग एकदम उघडा माळ आणि त्यावर छप्पर नसलेलं अवाढव्य घर. दिवाणखान्यात गुडघाभर गवत. मधला मजला गेलेला, त्यामुळे वरच्या खोलीची शेकोटी भिंतीत अधांतरी राहिलेली. गिलावा आणि घडीव दगड निघालेत तिथे आतला काळा पाषाण दिसतो. तो आपल्या सह्याद्रीतल्यासारखाच बेसॉल्ट, इथल्या ज्वालामुखींचा. वारा असा की उभं राहणं मुश्कील. आई म्हणाली, "इथे पापड वाळत घातले तर थेट स्कॉटलंडला जातील रे!"

हे घर फ्रेडरिक हार्वे यांनी 1770 च्या दशकात बांधायला घेतलं. डेरी या इथल्या शहराचे बिशप आणि ब्रिस्टलचे चौथे अर्ल, म्हणजे धर्मगुरू आणि सरदार एकाच अंगरख्यात. माणूस हौशी, प्रवासवेडा. एक घर पुरं होईना तोवर बॅलिस्कलियनचं दुसरं, मग इंग्लंडात इकवर्थचं तिसरं. इटलीत जमवलेल्या कलावस्तू 1798 मध्ये फ्रेंच सैन्याने रोममध्ये जप्त केल्या. आणि 1803 मध्ये अल्बानोहून रोमला जाताना वाटेतच एका शेतकऱ्याच्या पडवीवजा खोपटात ते वारले.

घराला 1851 मध्ये आग लागली. 1870 च्या दशकात ते पुन्हा उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाची माणसं तिथे राहिली आणि त्यानंतर छप्पर उतरवलं गेलं. आयर्लंडच्या पावसात छप्पर काढल्यावर उरतं किती!

पण मला खरा रस होता कड्यावरच्या गोल मसेंडन टेंपलमध्ये. 1785 चं हे बांधकाम इटलीतल्या तिवोलीच्या वेस्टा मंदिरावरून घेतलेलं. नाव मंदिर, काम बिशपांच्या ग्रंथालयाचं. वर प्राचीन रोमन कवी ल्युक्रेशियसच्या ओळी कोरल्यात: समुद्र खवळलेला असताना दुसऱ्याची धडपड काठावरून बघण्यात सुख आहे. धर्मगुरूच्या तोंडी हे मला जरा अतीच वाटलं. मात्र याच बिशपांनी, कॅथलिकांवर कायद्याची बंधनं असण्याच्या काळात, खालच्या खोलीत कॅथलिकांना मास, म्हणजे त्यांची सामुदायिक उपासना, करू दिला. प्रोटेस्टंट बिशपने हे करणं साधी गोष्ट नव्हती. माणूस एका खणात बसत नाही तो असा.

पूर्वी टेंपलभोवती घोडागाडी फिरायची म्हणतात. आता समुद्राकडच्या भिंतीपुढे थेट कडाच आहे. 1990 च्या दशकात जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने कडा सावरण्याचं काम केलं, म्हणून ते अजून जागेवर आहे. राहता वाडा गेला, पुस्तकांची खोली टिकली.

जाणार असाल तर बूट चिखलाचे घाला, छत्री नेऊ नका, उलटीच होते. आणि डेरीकडे जाताना गाडीत उजवीकडची खिडकी धरा. कॅसलरॉक सुटलं की बोगदे लागतात, तेव्हा टेंपल तुमच्या डोक्यावर असतं. बाहेर पडल्या पडल्या मागे वळून वर बघायचं.